दोन शब्दांचं वचन

परतूरच्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांना दर रविवारी बायबलमधलं एक वचन तोंडपाठ म्हणून दाखवावं लागतं. पाळकसाहेबांची नऊ वर्षांची अर्पिता वर्षभर एकच म्हणत आली, सगळ्यात छोटं. "येशू रडला." एवढं म्हणायचं आणि पळत जाऊन आईशेजारी बाकावर बसायचं.

पाळकसाहेब वैतागायचे. "अगं, दोन शब्द तर कुणीबी म्हणंल! जरा मोठं पाठ करून ये की."

"पुढच्या रविवारी, पप्पा. बिलकुल!"

या गुरुवारी आम्ही अर्पिताला माती दिली. चार दिवसांचा डेंग्यू, बास.

रविवारपुरते दुसरे पाळक बोलावू म्हटलं, तर साहेब ऐकेनात. उपदेशाचं वचन आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडं असतं, म्हणून शनिवारी मन घट्ट करून फोन लावला.

"साहेब, उद्या कोणतं वचन घेऊन राह्यले तुम्ही?"

"योहान अकरा, पस्तीस."

"पस्तीसपासून कुठपर्यंत लिहू?"

"तेवढंच लिहा, दौलतकाका. मोठं न्हाई जमायचं."

रविवारी साहेब उपदेशाला उभे राहिले. बायबल उघडलं, चष्मा पुसला. "येशू..." म्हणाले आणि थांबले. 



दुसरा शब्द बाकावरून अर्पिताच्या आईनं म्हटला.