दोन काचांमध्ये

वरची काच उचलून झाली होती. टेबलाच्या एका टोकाला वैशाली, दुसऱ्या टोकाला हे काम बघणाऱ्या ऑलिव्हिया मॅडम, आणि दोघींच्या हातांवर तोललेली मीटरभर लांबरुंद काच. खाली टेबलावर तेवढीच दुसरी काच पसरली होती. तिच्यावर फट राखायला ओळीने बसवलेल्या चपट्या गुंड्या, आणि प्रत्येक गुंडीवर ग्लूचा ताजा थेंब. आता वरची काच सावकाश उतरवायची, कासार लहान मुलीच्या हातात बांगडी चढवतो तशी. 'वर' की 'खाली' हा शब्द एकीने द्यायचा, दुसरीने तो पाळायचा, हा या खोलीचा रिवाज. आज शब्द वैशालीचा होता.

"ग्लू धरायच्या आत हं, वैशाली," मॅडम म्हणाल्या.

अशा दोन काचा चिकटल्या की एक चेंबर तयार. मागची दोन चेंबर वाया गेली होती. एकात केस सापडला, दुसऱ्याची काच वाकडी बसली. हेही गेलं तर काम डोंबिवलीच्या या शेडमधून उठून दुसरीकडे जाणार होतं, आणि वैशालीला पुन्हा घरी बसावं लागणार होतं.

परदेशात एका बोगद्यात अणूहून बारीक कण एकमेकांवर आदळवतात. त्यातून उडालेला एखादा कण या दोन काचांमधल्या फटीतून गेला की ठिणगी पडते आणि तो कुठून गेला ते कळतं. आत धूळ राहिली तर खोट्या ठिणग्या पडत राहतात. म्हणून बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू, पावडर सगळं बाहेर. वैशाली रोज ते डबीत घालून बाहेरच्या कप्प्यात ठेवायची.

दार आपटलं. तिचा नवरा उत्तम चपलांसकट आत आला. त्याच्या मुठीत तिचं मंगळसूत्र होतं.

"अहो, इथे नका येऊ. चपला..."

"मी मेलो काय गं?"

वैशालीने काच आणखी घट्ट धरली.

"गावच्या ग्रुपवर फोटो फिरतोय तुझा. गोऱ्या पाहुण्यांच्या शेजारी, बोडक्या गळ्याने. मामी विचारते, उत्तम गेला कधी? आम्हाला कळवलंसुद्धा नाही!"

"अहो मिस्टर, बाहेर व्हा!" ऑलिव्हिया मॅडम ओरडल्या. "गुणाजी! अरे गुणाजी!"

वॉचमन फाटकावर होता. शेजारच्या कारखान्याच्या मशिनीच्या आवाजापुढे हाक दारापलीकडे गेली नाही.

घरी तो मारायला आला की वैशालीचे हात मध्ये येत. आज येणार नव्हते. ते त्याला दिसत होतं. त्याने पहिली थप्पड सावकाश, नेम धरून मारली. दुसरीला ओठ फुटला. काच हलली, पण मॅडमनी गुडघे वाकवून ती सावरली.

"घाल म्हटलं की घालायचं," तो म्हणाला. त्याने तिची टोपी ओरबाडून काढली, केस धरून डोकं मागे ओढलं आणि मंगळसूत्र गळ्याला लावलं. मागचा फासा काही त्याला अडकवता येईना. तो मागून आवळत गेला. काळे मणी नरड्यात रुतले. वैशालीचा श्वास अडला, डोळे वर गेले, तरी बोटं काचेवरून सुटली नाहीत.

"सोडा तिला! मरेल ती!" मॅडम किंचाळल्या.

पोत तुटली. उरलेली सर त्याच्या मुठीत आली. ती त्याने दोन काचांच्या मध्ये भिरकावली.

"घे! बसव आता तुझी काच!"

सोन्याच्या वाट्या खालच्या काचेवर खणकन आपटल्या. काळे मणी गुंड्यांमधून पांगत गेले आणि जागोजागी ग्लूत अडकले. कुठलाही मणी गुंडीपेक्षा जाडच होता. काच त्यांच्यावर उतरली असती तर तडकली असती.

उत्तमची नजर वाट्यांवर गेली. "आईच्या आहेत त्या," असं काहीतरी पुटपुटत तो टेबलाच्या बाजूने वाकला. त्याने हात आत घातला. पुरला नाही. मग डोकं घातलं, मानेपर्यंत.

"खाली," वैशाली म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. वैशालीच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. मॅडमनी शब्द पाळला.

काच खाली आली. तिची कड उत्तमच्या मानेवर टेकली. त्याने डोकं वर करायला पाहिलं आणि तो तिथेच थबकला.

"ए वैशू..."

"हलू नकोस. फुटली तर मानेत जाईल. वाट्या राहू दे. मणी वेच."

"अगं, वेड लागलं का तुला?"

"एकेक. गुंड्यांना धक्का न लावता."

तो वेचू लागला. बोटांना ग्लू चिकटत होता, मणी निसटत होते, तो पुन्हा धरत होता. त्याच्या श्वासाची वाफ काचेवर उमटायची, विरायची, पुन्हा उमटायची. पलीकडची मशीन धडधडत होती. वैशालीच्या हनुवटीवरचा थेंब वरच्या काचेवर पडला आणि उतारावरून घरंगळत त्याच्या मानेच्या बरोबर वर येऊन थांबला.

"झाले," उत्तम म्हणाला. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "झाले सगळे. बघ. आता उचल ना गं."

ऑलिव्हिया मॅडमनी काचेखालची बोटं बदलून धरली. त्या हलकेच म्हणाल्या, "वैशाली, ग्लू धरला गं. हे चेंबर गेलं."

"माहीत आहे," वैशाली म्हणाली.

मग तिने पुन्हा काचेतून खाली पाहिलं.

"एक राहिलाय," ती उत्तमला म्हणाली. "पार मध्ये आहे. आणखी आत वाक."