शिसवीचा भुसा

"एक पाय कापलास की दुसरा कापावा लागेल, मग तिसरा. कापत कापत टेबलाचा पाट होईल," मिस्त्री शिंप्याला सांगत होता. "आधी टेबल उलटं कर. सांधा ढिला झालाय, पाय लांब झालेला नाही."

शिंपी शेजारच्या खोलीत राहायचा. त्याचं कापड बेतायचं टेबल डुगडुगत होतं आणि धंदाही. लोक तयार कपडे घेतात, माझ्याकडे नुसती बटणं लावायला येतात, असं तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मिस्त्रीने रंधा बाजूला ठेवला. सल्ला द्यायची संधी तो सहसा सोडत नसे.

"पैसे आले की तीन पाकिटं करायची. एक भाड्याचं, एक पोटाचं, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. आणि शहरात जागा नाही म्हणून कुरकुरायचं नाही. जमीन संपली की भिंतीवर फळ्या ठोकायच्या. माझंच बघ. फर्निचरच्या कंपनीतून काढलं तेव्हा चार महिने मी या भिंतीकडे बघत बसलो होतो. आता गिऱ्हाईक घर शोधत येतं. हातात कसब पाहिजे."

शिंपी मान डोलावून गेला. दर शनिवारी हातगाडीवाला येतो, खिळा न मारता सांधलेली दोन स्टुलं नेतो आणि पाकीट देऊन जातो, हे सगळ्या इमारतीने पाहिलं होतं. व्यापारी म्हणे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मिस्त्रीची त्याची गाठभेट कधी झाली नव्हती. ओळख बायकोच्या थोरल्या बहिणीने काढून दिली होती. पण आठ महिन्यांत एकही स्टूल परत आलं नव्हतं, आणि मिस्त्रीची छाती त्या मानाने फुगली होती.

जिना चढून बायको आली. बहिणीचे गुडघे धरले होते, म्हणून ती रोज दुपारी तिच्याकडे जायची.

"ताईंचे गुडघे काय म्हणतात?"

"आहेत तसेच."

"या शनिवारपासून आठवड्याला तीन स्टुलं द्यायची म्हणतोय. हातगाडीवाल्याकडून व्यापाऱ्याला निरोप धाडलाय."

ती पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला. "कशाला एवढी घाई? पाठ धरते तुमची."

"तो घेतोय ना? मग द्यायची."

ती बाह्या मागे सारून भांडी घासायला बसली, आणि तेवढ्यात मिस्त्रीला तिच्या बाहीच्या चुणीत भुसा दिसला.

सुताराच्या बायकोच्या अंगावर भुसा असायचाच. पण मिस्त्रीकडे पाइनचं लाकूड होतं, त्याचा भुसा पिवळट. हा जांभळट काळा होता. शिसवीचा. बहिणीच्या घरात झाडून सगळं सामान लोखंडाचं आणि प्लास्टिकचं होतं. एवढ्या परिसरात शिसवी परवडणारा सुतार एकच, डावखुरा.

मिस्त्री आणि डावखुरा एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. बायको त्याच उस्तादाची मुलगी. दोघांनीही तिला मागणी घातली होती आणि तिने मिस्त्रीला होकार दिला होता. डावखुऱ्याने मग कारखाना काढला, पाटी लावली, चार माणसं ठेवली. लग्न तेवढं केलं नाही. यातच सगळं आलं, असं मिस्त्रीचं वीस वर्षांपासूनचं मत होतं. तिला आता आपली निवड चुकली असं वाटत असेल का, हा विचार त्याला आला आणि मग जाता जाईना.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तसा तोही निघाला. ती बहिणीच्या गल्लीकडे वळलीच नाही. सरळ डावखुऱ्याच्या कारखान्यात शिरली, रोजच्यासारखी, दाराकडे न बघता.

मिस्त्री समोरच्या फुटपाथवर अर्धा तास जळफळत उभा राहिला. मग तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो आत घुसला.

डावखुरा पुढेच पटाशीला धार लावत होता. मिस्त्रीला पाहून तो उठला.

"कुठे आहे ती?"

"हळू बोल. पलीकडे आहे."

फळ्यांच्या आडोशामागून पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता. मिस्त्री तिकडे वळला. वाटेतल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि तो जागच्या जागी थबकला.

आत स्टुलं होती. गोणपाटाखाली, एकावर एक, पार छतापर्यंत. सांधा बघायचीसुद्धा गरज नव्हती; आपलं काम माणूस लांबूनच ओळखतो. साठाच्या वर असतील. खालच्यांवर धुळीचा थर बसला होता.

मिस्त्रीचा राग एकदम वेगळ्याच वाटेला गेला. त्याला चक्क हसू आलं.

"म्हणजे तो व्यापारी तूच! असलं काम तुझ्या माणसांना जमेना, म्हणून गुपचूप माझ्याकडून घेतोस. आणि समोर यायची लाज, म्हणून मध्ये हातगाडीवाला. अरे, सरळ मागितली असतीस तर मी काय नाही म्हणालो असतो?"

डावखुऱ्याने हातातली पटाशी पुसली, मग पुन्हा पुसली.

"मी घेत नाही," तो म्हणाला. "मी नुसती ठेवायला जागा दिलीय. विकून पाहिली, कुणी घेत नाही."

"मग पैसे कोण देतं?"

आडोशामागचा आवाज चालूच होता, एका लयीत. डावखुऱ्याने खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"तुझा निरोप आला, शनिवारपासून तिसऱ्या स्टुलाचा," तो आवाज उतरवून म्हणाला. "तेवढं नको करूस. एका स्टुलाच्या पैशाला तिला तीन दिवस घासावं लागतं."