खिडकीखालची जागा

शलाकाने गादीवरचा निळा रुमाल उचलला, बुटांच्या रॅकमागे टाकला आणि त्या जागी स्वतः बसली. शेजारी वैष्णवीचं दप्तर होतं. ती बाटली भरायला गेली असणार. वर्गात बाकी कुणी नव्हतं.

बदलापूरच्या त्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीत सहावीच्या वर्गाचं रूपच पालटलं होतं. मधली भिंत गेली, बाकं गेली. चटया आल्या, गोल टेबलं आली आणि खिडकीखाली दोघींपुरती एक गादी आली. "कुठेही बसा," सोनिया मॅडम म्हणाल्या. सगळा वर्ग खूश झाला. शलाकाचं मात्र तोंड उतरलं.

तोवर हजेरीच्या क्रमाने बसवायचे, त्यामुळे तीन वर्षं वैष्णवी तिच्याच बाकावर होती. आता वैष्णवी गादीवर बसायची आणि तिच्या शेजारी रोज राजसीचा रुमाल असायचा. रुमाल टाकून जागा धरायची, हे बदलापूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. राजसी अंबरनाथहून व्हॅनने यायची, अगदी घंटेच्या तोंडावर, आणि खुशाल तिथे जाऊन बसायची. शलाका जळफळायची. राजसीची वेणी, तिचा डबा, तिचं हळू हसणं, काही म्हणजे काही तिला बघवत नव्हतं.

"मी काय करू गं?" वैष्णवी म्हणायची. "रुमाल तिचा असतो ना. मग जागा पण तिचीच."

म्हणून आज शलाका हेंद्रेपाड्यातून जवळजवळ धावतच आली होती. आज वैष्णवी तिच्या शेजारी बसणार होती.

घंटेच्या जरा आधी राजसी आली. गादीकडे बघून थबकली.

"मी उठणार नाही," शलाका म्हणाली. "रोज तूच का?"

"नको उठूस." राजसीने बूट काढले. "मला पुढेच बसायचंय. इथून फळा नीट दिसत नाही."

"मग रोज जागा कशाला धरतेस?"

राजसीने दाराकडे पाहिलं. वैष्णवी अजून आली नव्हती.

"तिला सांगू नकोस हां, मी बोलले म्हणून."

"काय?"

"मी तर आत्ता येतेय व्हॅनमधून. रुमाल वैष्णवी टाकते. माझ्याकडून मागून घेतलाय तिने, तू शेजारी येऊन बसू नयेस म्हणून."