बोळातला दिवा

चिन हुआत स्टुलावर चढून बोळातला दिवा तपासत होता आणि दिवा काही केल्या चुकत नव्हता. खालून कुणी गेलं की लागायचा. न्हाणीघराचं दार उघडलं की लागायचा. सकाळपासून त्याने ते दार इतक्या वेळा उघडलं होतं, की बहीण वैतागली.

"आता बरा लागतोय," सू इम म्हणाली. "पा पडले तेव्हा कुठे गेला होता?"

हुआत स्टुलावरून खाली उतरला. दिवा त्यानेच बसवला होता. क्वालालंपूरहून सुट्टीवर आला, छताला हालचाल टिपणारा सेन्सर लावला, न्हाणीघराच्या दाराला दुसरा लावला आणि भिंतीवरच्या बटणाशेजारी स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली: हे बंद करू नये. वडिलांना रात्री उठावं लागे. अंधारात त्यांचा पाय घसरू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

वडिलांनी यथेच्छ टिंगल केली. हललो की उजेड, मी काय स्वतःच्या घरात चोरी करतो, असं ते शेजाऱ्यांना सांगत सुटले. आईची तक्रार वेगळी होती. ते उठले की दाराच्या फटीतून उजेड थेट तिच्या डोळ्यांवर यायचा. होईल सवय, असं त्याने तिला सांगितलं आणि तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

वडील त्याच बोळात पडले. डोकं उंबऱ्यावर आपटलं. पहाटे मी उठले, दिवा लावला, तर हे असे गार पडलेले, हे आई आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होती. ऐकून ऐकून हुआतला ते पाठ झालं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारलं होतं, "मा, बटणाला कुणी हात लावला होता?"

"तू सांगितल्यावर कोण लावेल?"

तिने ते इतकं सरळ सांगितलं, की विचारल्याची त्यालाच लाज वाटली. म्हणजे दिवाच ऐन वेळी दगा देऊन बसला. म्हणजे आपण. हे त्याला आतून कुरतडत होतं.

आज सातवी रात्र. वारलेला माणूस या रात्री एकदा घरी येऊन जातो, अशी समजूत. टेबलावर त्यांची काळी कडू कॉफी आणि परतलेल्या शेवया मांडल्या होत्या. पावलं उमटावीत म्हणून काकांनी दारापाशी पीठ पसरलं आणि म्हणाले, या वेळी पिठाची गरज नाही, हुआतचा दिवाच सांगेल. कुणी हसलं नाही. मग तेही गेले. इतके दिवस घरात माणसं होती, सगळे दिवे रात्रभर जळत होते. आज पहिल्यांदाच घर नेहमीसारखं झोपणार होतं.

हुआतचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आज त्याला दिवा लागायला हवा होता. एकदाच. मग पांनी माफ केलं असं तो धरून चालणार होता.

"दिवा लागला तर हाक मार," आई म्हणाली. "मी बाहेर येणार नाही. नुसतं सांग."

"सांगतो."

"तुझ्यावर रागावले असतील, तरी येतील. राग धरून बसणारा माणूस नव्हता तो."

आपली माणसं दिसली तर गेलेल्याचा पाय निघत नाही, म्हणून सगळे लवकरच खोल्यांत गेले. हुआतने मात्र दार बोटभर उघडं ठेवलं आणि तो फटीशी बसून राहिला.

न्हाणीघराचं दार वाजलं. बोळ उजळला. आईच होती, केस मोकळे सोडलेली, झोपायला निघालेली. आपल्या खोलीच्या दाराशी ती जरा थांबली. न बघताच तिचा हात भिंतीवर गेला, टक्क झालं आणि बोळात अंधार झाला.

"लागला की हाक मार हं," दार लावता लावता ती म्हणाली.