एकोणीस पिशव्या

कुलूप उघडून तिने आत पाऊल टाकलं, तर स्वयंपाकघरातून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आलेला. सामान तिथंच टाकून ती धावली. फ्रीज उघडला.

वरच्या कप्प्यात दूध होतं. तिचं स्वतःचं. महिनाभर पंपाने काढून, पिशव्यांत भरून, प्रत्येकीवर तारीख-वेळ लिहून गोठवलेलं. एकोणीस पिशव्या. उद्या नऊला कामावर हजर व्हायचं होतं आणि चार महिन्यांच्या लेकीला डब्यातलं दूध सोसत नव्हतं. दोनदा पाजलं, दोन्ही वेळा भडाभडा ओकली. आता हातात घ्यावी ती पिशवी डुचमळत होती. तिने एक फोडून हुंगली. आंबट.

"वीज गेली असेल," झोपलेल्या नातीला खांद्यावर घेऊन सासूबाई मागोमाग आल्या. नातीला सांभाळायला म्हणून त्यांना आणायलाच ती दोन दिवस गेली होती.

वीज गेली नव्हती. फ्रीजचा प्लग खाली लोंबत होता. त्याच्या जागी पंपाचा. निघता निघता अजून एक पिशवी होईल म्हणून तिनेच तो काढला होता.

"मीच," ती म्हणाली. "माझ्याच हाताने."

"कारखान्यात नियोजन बघतेस ना गं तू?" सासूबाईंना हसू आवरेना. सुनेचा चेहरा पाहून त्या सावरल्या. "जाऊ दे. देव देईल."

"देव काय पिशव्या भरून पाठवणार आहे, आई? उद्या नऊच्या आत?"

"मग आजवरचं कुठून आलं? तुझ्या कारखान्यातून?"

ती मनात हिशोब मांडू लागली. रजा वाढवून मागावी? साहेब आधीच तोंड वाकडं करून बसलेत. दर दोन तासांनी काढलं, तर सकाळपर्यंत किती होईल? चार पिशव्या? पाच? फरशी पुसायलाही ती थांबली नाही. नळी जोडली, पंप छातीला लावला. मोटर घरघरली. पाच मिनिटं. दहा. बाटलीच्या तळाशी जेमतेम चार थेंब. तिने वेग वाढवला. थेंबही थांबले.

"अगं, जीव असा टांगणीला लावलास तर येईल कसं?"

"मग काय करू? हातावर हात ठेवून बसू?"

तिच्या चढलेल्या आवाजाने लेक जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. सासूबाईंनी पंप बंद केला, बाजूला सारला आणि पोर तिच्या मांडीवर दिली.

लेकीने चाचपडत तोंड लावलं मात्र, असा पान्हा फुटला की तिला ठसका लागला. गालावर, नाकावर दूध उडालं. दुसरीकडूनही धार लागली आणि साडी भिजत गेली.

"किती प्यायली असेल हो?" तिची नजर घड्याळावर.

"तिलाच विचार."

लेकीने मध्येच तोंड सोडलं होतं. मान मागे टाकून, मुठी उघड्या टाकून ती गाढ झोपली होती. दूध अजून येतच होतं. पुढच्या वेळेसाठी तिने एक घोटही तोंडात धरून ठेवला नव्हता.