हिरवे बूट

नाताळ उलटल्यावर ऑड्री कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, हेटीकडे, खेड्यात राहायला आली होती. दुपारी जेवण झालं की शेतातून फेरी मारायची, हा त्या घरचा शिरस्ता. त्यासाठी मागच्या दाराशी रबरी बुटांची रांगच असायची. पाहुण्यानं आपल्याला बसेल तो जोड चढवायचा.

ऑड्रीनं हिरव्या बुटात पाय घातला. आत ऊब होती, कुणी आत्ताच काढून ठेवल्यासारखी.

"हे कुणी घातले होते गं?"

"कुणी नाही. तुझ्यासाठीच ठेवलेत," हेटी म्हणाली.

तिचा नवरा रूपर्ट कुत्र्याला पट्टा बांधत होता. "चला बाईसाहेब, इथं चारलाच अंधारतं."

"टोपी घेऊन आलेच. मला सोडून जाल तर बघा."

"आजवर कधी सोडलंय का तुला?" हेटी हसली.

बूट दाराशीच काढून ऑड्री वर गेली. आईनं विणलेली लाल टोपी पलंगावर नव्हती. उशीखाली नाही, पिशवीत नाही. शोधता शोधता तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

हिमानं पांढऱ्या झालेल्या शेतातून तिघं चालली होती. हेटीच्या हातात हात घालून चाललेल्या बाईच्या डोक्यावर लाल टोपी होती, पायांत हिरवे बूट. कुत्रा लाडानं तिच्याभोवती घोटाळत होता.

ऑड्रीनं काचेवर मुठी आपटल्या.

हेटी थांबली. वळून तिनं थेट खिडकीत पाहिलं, ओळखीनं, जराही न दचकता. आवाजानं ती बाईही वळू लागली, तेव्हा हेटीनं तिच्या गालाला हात लावून तिचं तोंड हळूच पुढं फिरवलं.