जुळलेलं कीर्तन

बबनराव महाराजांचं शेवटचं कीर्तन लेक योगिनीनं तुकडे करून, कुलूप लावून, जऊळक्याच्या टाळकऱ्यांच्या मोबाइलांत ठेवलं होतं. एकट्या मोबाइलवर ते उघडत नसे; सगळे जोडले की जुळे.

शेलूबाजारला झालेल्या नवऱ्याच्या त्या शेवटच्या कीर्तनाला मनकर्णाबाई आजारपणामुळे गेल्या नव्हत्या. महाराजांच्या वर्षश्राद्धाला त्या म्हणाल्या, “मले एकडाव ऐकू द्या.”

मोबाइल जोडले. आवाज आला, गोड, थोडा दमलेला.

“बोला, विठ्ठल विठ्ठल,” महाराज म्हणाले. सवयीनं सारं घर बोललं.

“मोबाइलले उत्तर देऊन राह्यलो आपण,” हरीओम टाळकरी डोळे पुसत हसला.

मनकर्णाबाईंच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही.

मोबाइलमधले टाळ थांबले.

“सारे बोलले,” महाराज हळूच म्हणाले. “मनकर्णे, तू काहून गप बसली?”